ओसाड जमिनीची कमाई
खासगी विद्यापीठं देणग्यांवर श्रीमंत होतात आणि सरकारी विद्यापीठं अनुदानाची वाट पाहतात, हा ठोकताळा टेक्सासात फसतो. राज्याने टेक्सास विद्यापीठाला पश्चिमेकडची सुमारे २१ लाख एकर रखरखीत जमीन दिली. गुरं चारण्यापलीकडे तिचा फारसा उपयोग नव्हता. २८ मे १९२३ रोजी तिथे सांता रीटा विहिरीतून तेल उसळलं.

पर्मियन काळात, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, इथे समुद्र होता. गाळात गाडलेल्या सूक्ष्मजीवांचं खोलवरच्या उष्णतेने तेल झालं. ते तळ्यासारखं साचत नाही, सच्छिद्र खडकात मुरतं. वरच्या मिठाच्या अभेद्य थरांनी ते अडवून धरलं. या तेलाच्या उत्पन्नावर वाढलेल्या निधीचा दोन तृतीयांश लाभ टेक्सास विद्यापीठाला, उरलेला टेक्सास ए अँड एमला. दोन्ही सरकारीच, पण श्रीमंतीची तुलना थेट खासगी हार्वर्डशी! अर्थात, तेलाचा भाव पडला की नवी आवकही आटते.