दुधाचा हिशेब आणि गाईची हाडे

दूध चाऱ्याने होते व ढेपेने वाढते, ही समजूत आपल्या वाशीम जिल्ह्यात घरोघर आहे, आणि ती खोटी नाही. तथापि दुधात असा एक अंश असतो की, तो वैरणीतून पुरेसा न मिळाल्यास गाय स्वतःच्या हाडांतून काढून देते. मालकास भरलेले भांडे दिसते; ते भरताना गाईचे काय रिते झाले, हे दिसत नाही. हा अंश म्हणजे खनिज द्रव्ये होत. त्यांचा हिशेब शेतकरी बंधूंपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू. आमचे आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनीत गेले. त्यामुळे जमा व खर्च असे दोन रकाने आखल्यावाचून आम्हास कोणतीही गोष्ट नीट उलगडत नाही.

प्रथम खर्च पाहू. गाईच्या एक लिटर दुधात सुमारे १.२ ग्रॅम कॅल्शियम, म्हणजे चुन्यातील द्रव्य, व सुमारे १ ग्रॅम स्फुरद असते. तेव्हा दहा लिटर दूध देणारी संकरित गाय रोज १२ ग्रॅम कॅल्शियम व जवळजवळ १० ग्रॅम स्फुरद दुधावाटे घालविते. खाल्लेल्या कॅल्शियमपैकी निम्म्याहून कमीच रक्तात उतरते. म्हणून या १२ ग्रॅमसाठी वैरणीत दुपटीहून अधिक असावे लागते. गाईच्या देहाचा रोजचा खर्च आणि पोटातील वासराचा वाटा हे याहून निराळे.

आता जमेकडे वळू. गेल्या तीसेक वर्षांत वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत सोयाबीन पसरले, ज्वारी मागे हटली आणि कोठ्यातील कडब्याच्या गंजीची जागा कुटाराने घेतली. सोयाबीनच्या व तुरीच्या कुटारात कॅल्शियम बऱ्यापैकी असते, स्फुरद मात्र फार थोडे. सरकीच्या ढेपेत व गव्हाच्या कोंड्यात स्फुरद पुष्कळ, पण कॅल्शियम अल्प. यास्तव नुसत्या कुटारावर ठेवलेल्या गाईची एक बाजू लंगडी पडते, तर ढेपेवर अतोनात भर दिलेल्या गाईची दुसरी. त्यातून आपली काळी जमीन चुनखडीयुक्त. तीत जस्त असले तरी पिकाच्या मुळांस सहजी मिळत नाही. सोयाबीन पिवळे पडले की आपण झिंक सल्फेट आणण्यास धावतो. त्याच रानातील वैरण खाणाऱ्या गाईसही तीच उणीव भासत असेल, हा विचार मात्र क्वचितच मनात येतो.

जमा कमी व खर्च अधिक झाला, तर तूट कोठून भरून निघते? शरीरातील कॅल्शियमचा ९९ टक्के साठा हाडांत व दातांत असतो. गाय तेथूनच कर्ज काढते. काही महिने दूध चालते आणि मालक निश्चिंत राहतो. पुढे दूध लवकर आटते, गाय वेळेवर माजावर येत नाही, भरविली तरी उलटते. केस राठ होतात, आणि जनावर माती, चिंध्या, चामडे व हाडे चघळू लागते. हाडे चघळणे ही निव्वळ खोड नव्हे. दक्षिण आफ्रिकेत सर आर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले की, तेथील गवतात स्फुरद उणे असल्यामुळे गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळीत व त्यांतील विषाने दगावत. हाडांचा चुरा खाऊ घालताच ती सवय मोडली व गुरे सुधारली. आज मात्र गाईस हाडांचा चुरा घालू नये. १९८६ साली ब्रिटनमध्ये ओळखल्या गेलेल्या गाईंच्या मेंदूच्या रोगाचा प्रसार असल्याच खाद्यातून झाला. त्याची उणीव आता खनिज मिश्रणाने भरून काढता येते.

भारतीय मानकाप्रमाणे मीठविरहित खनिज मिश्रणात कॅल्शियम किमान २० टक्के व स्फुरद किमान १२ टक्के असते. शिवाय मॅग्नेशियम, जस्त, तांबे, लोह, मँगनीज, आयोडीन व कोबाल्ट हीही थोडथोड्या प्रमाणात असतात. वासरास रोज २० ते २५ ग्रॅम, कालवडीस व भाकड गाईस ५० ग्रॅम, आणि दुभत्या गाईस दुधाच्या मानाने १०० ते २०० ग्रॅम, असे सर्वसाधारण प्रमाण आहे. ते आंबवणात कालवून द्यावे. मीठही द्यावे, परंतु मीठ दिले म्हणजे खनिज मिश्रण दिले, असे मानू नये. पिशवीवर मानकाची खूण व घटकांचे प्रमाण छापलेले असल्याची खात्री करूनच ती विकत घ्यावी.

यास पैसा पडतो, हे खरे. रोज १०० ग्रॅम म्हणजे महिन्यास तीन किलो. आता दुसरा आकडा त्याच्या शेजारी ठेवावा. एक माज हुकला की पुढील माजापर्यंत २१ दिवस जातात, आणि तितके दिवस गाय बिनकमाईची वैरण खाते. तेरा महिन्यांनी वेत देणारी गाय नऊ वर्षांत आठ वेळा विते; अठरा महिने लावणारी सहाच वेळा. दोन वेतांचे दूध व दोन वासरे कोठे गेली, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नसते. म्हणूनच तो तोटा कोणास बोचत नाही, आणि गाय मात्र "भाकड" म्हणून बाजारात जाते.

तथापि खनिज मिश्रण म्हणजे जादूची भुकटी नव्हे. ज्या गाईस उणीवच नाही, तिचे दूध त्याने वाढणार नाही. आणि जिला पोटभर वैरणच नाही, तिचे दैन्य त्याने फिटणार नाही. गाभण भाकड गाईस व्यायच्या आधीच्या पंधरवड्यात कॅल्शियमचा भडिमार करणेही अहितकारक होय. कारण मग हाडांतून कॅल्शियम काढण्याची तिची सवय मंदावते, आणि व्याल्यावर दुधाचा ओघ सुरू होताच रक्तातील कॅल्शियम एकाएकी घसरते. यासच दुग्धज्वर म्हणतात. नाव ज्वराचे असले तरी अंगात ताप नसतो. कान गार पडतात, गाय खाली बसते व मान कुशीकडे वळविते. अशा गाईस तोंडावाटे औषध ओतू नये, ते फुप्फुसात जाते. कॅल्शियमची शीर-सुईही घरी टोचू नये, ती वेगाने गेल्यास हृदय बंद पडते. तत्काळ पशुवैद्यकास बोलवावे. वेळीच उपाय झाल्यास तीच गाय बहुधा काही तासांत उठून उभी राहते.

वाचकांनी एक वही घालावी. तीत प्रत्येक गाईचे रोजचे दूध, माजाची तारीख, भरविल्याची तारीख व वेताची तारीख एवढेच लिहावे. मिश्रण सुरू केल्यावर चार दिवसांत फळ शोधू नये. एक वेतभर वाट पाहावी आणि दोन वेतांमधील अंतर मोजावे. गाईस बोलता येत नाही; तिची बाकी किती थकली आहे, हे त्या वहीतील तारखाच सांगतील.