ओरोमेतुआ : ताकामोआच्या छोट्या कॉलेजातली माणसे

१८६६ साली लंडनमध्ये 'मिशन लाइफ इन द आयलंड्स ऑफ द पॅसिफिक' या नावाचे एक पुस्तक निघाले. आरन बुझाकॉट हे त्याचे चरित्रनायक. रारोटोंगा बेटावर जवळजवळ तीस वर्षे राहिलेला हा लंडन मिशनरी सोसायटीचा मिशनरी. मी या पुस्तकाकडे वळलो तो निव्वळ अपघाताने. शोधत होतो बेळगावची लंडन मिशनची शाळा, म्हणजे ज्या शाळेत बाबा पदमनजी शिकले ती. याच सोसायटीने १८२० साली बेळगावात ठाण मांडले होते. तिच्या कागदपत्रांची स्कॅन केलेली पाने चाळता चाळता एकदम पॅसिफिकमध्ये जाऊन पडलो, आणि बेळगाव बाजूला राहिले.

त्याला आता सात-आठ वर्षे झाली. एवढ्या वाचनानंतर एक गोष्ट ठामपणे म्हणावीशी वाटते. रारोटोंगाच्या कॉलेजातले 'मिशनरी जीवन' म्हणून आपल्यापुढे जे येते, ते त्या जीवनाचा लहानसा तुकडा आहे. मिशनरी हा शब्द इंग्रजांनी स्वतःसाठी राखून ठेवला आणि त्या कॉलेजातून शिकून निघालेल्या बेटवासीयांना ते 'नेटिव्ह टीचर' म्हणत राहिले. बेटाच्या भाषेत मात्र दोघांनाही एकच शब्द होता : ओरोमेतुआ.

आधी भूगोल सांगतो, कारण त्यावाचून पुढचे ध्यानात यायचे नाही. रारोटोंगा हे कुक बेटांमधले मुख्य बेट, न्यूझीलंडच्या ईशान्येला सुमारे तीन हजार किलोमीटरवर. मध्ये हिरवे उंच डोंगर, भोवती सपाट जमिनीचा पट्टा, त्याला वेढून प्रवाळाचा कठडा. संपूर्ण बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने वळसा घातला तर बत्तीस किलोमीटर भरतात. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्यातही अशी दहा-पंधरा बेटे मावतील.

या बेटावर ख्रिस्ती धर्म आणणारा माणूस गोरा नव्हता. १८२३ साली पापेइहा नावाचा बोराबोराचा तरुण एकटा तिथे उतरला. आदल्या वेळी किनाऱ्यावर गेलेल्या मंडळींना वाईट अनुभव आला होता. त्यामुळे जहाज किनाऱ्याला न लावता, आपली पुस्तके डोक्याला बांधून तो पोहत गेला, अशी आठवण सांगितली जाते. इंग्रज मिशनरी कायमच्या वस्तीला आले ते चार वर्षांनी, १८२७ साली. पहिला चार्ल्स पिटमन, पुढच्या वर्षी बुझाकॉट. तोवर बेटाने जुन्या देवांच्या मूर्ती टाकून दिल्या होत्या. शिकवायला आलेल्या इंग्रजांनी हे मान्य केले आहे, पण चरित्रग्रंथात ते प्रकरण लवकर आटोपते.

बुझाकॉट डेव्हन परगण्यातला, लोहारकामाचे संस्कार झालेला माणूस. बेटाच्या भाषेत 'स' नाही, जोडाक्षरे नाहीत, आणि व्यंजनाने शब्द संपत नाही. म्हणून तो 'बाराकोटी' झाला. पुढे जेम्स चामर्स आला त्याचा 'तामाते' झाला. आपल्याकडे साहेबांच्या नावांची जी मोडतोड होते, तीच इथेही. फरक इतकाच की या दोघांनी ती नावे आनंदाने मिरवली.

कॉलेज सुरू झाले १८३९ साली, आवारुआ गावात, ताकामोआ या जागी. कॉलेज म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते तसे काहीही नाही. प्रवाळ भाजून केलेल्या चुन्याने बांधलेली जाड भिंतींची इमारत, बाजूला विद्यार्थ्यांची लहान घरे. लहान घरे अशासाठी की विद्यार्थी बहुधा लग्न झालेले असत आणि बायकोसह राहत. बाहेरच्या बेटावर माणूस एकटा पाठवायचा नाही, जोडपे पाठवायचे, असे धोरण होते. म्हणजे एका अर्थाने कॉलेजात नवरा-बायको दोघेही शिकत. पुरुषांना सकाळी शास्त्रवाचन, प्रवचन कसे मांडावे, थोडे गणित आणि भूगोल. उरलेल्या वेळात सुतारकाम, लोहारकाम, चुना भाजणे. ज्या बेटावर जायचे तिथे पहिले घर आणि पहिले देऊळ आपल्याच हातांनी उभारायचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. बायकांना सारा बुझाकॉट वाचन, शिवण शिकवीत. आज कुक बेटांचा अभिमान मानल्या जाणाऱ्या 'तिवाएवाए' या रंगीत गोधड्यांचे मूळ मिशनऱ्यांच्या बायकांनी शिकवलेल्या शिवणकामात सांगतात. मात्र बेटावरच्या बायकांनी त्या गोधड्यांचे जे केले ते शिकवणारीच्या कल्पनेतही नसावे.

खाण्यापिण्याची सोय विद्यार्थ्यांनीच करायची. अळकुड्या, ब्रेडफ्रूट, केळी लावायची, मासे धरायचे. सामोआतल्या मालुआ येथे १८४४ साली याच सोसायटीने दुसरे कॉलेज काढले. तिथला प्राचार्य जॉर्ज टर्नर आपल्या पुस्तकात मोठ्या समाधानाने लिहितो की विद्यार्थी स्वतःच्या श्रमांवर जगतात. सोसायटीच्या हिशेबवहीला ते सोयीचेच होते, हे माझे निरीक्षण. तरी त्यातला चांगुलपणा नाकारता येत नाही. हातात कुदळ असलेला गुरुजी परक्या बेटावर उपाशी मरत नाही.

१८४६ च्या मार्चमधल्या वादळाने बेटावरची घरे, देवळे, बागा उद्ध्वस्त केल्या. पुन्हा सगळे उभारावे लागले. दुसरे वादळ मात्र दिसत नव्हते, ते रोगांचे. जहाजांबरोबर येणाऱ्या साथींनी वस्ती खालावत गेली. मिशनऱ्यांच्या आगमनाच्या वेळी सहा-सात हजार समजली जाणारी लोकसंख्या १८६० च्या दशकाअखेरीस दोन हजारांच्या आसपास उरली. ही गोष्ट ध्यानात ठेवूनच पुढचे वाचावे. हे बेट आपले तरुण शिकवून बाहेर धाडत होते, तेही स्वतः रिकामे होत असताना.

या तरुणांपैकी ताउंगाला मी सर्वांत जवळून ओळखतो, कारण त्याने लिहून ठेवले. पिटमन आणि बुझाकॉट यांच्या हाताखाली शिकून १८४२ साली तो न्यू कॅलेडोनियाच्या दक्षिण टोकाला, तुआउरू येथे गेला. वय चोविसाच्या आसपास. तिथली भाषा वेगळी, लोक वेगळे, आणि पाठोपाठ साथ आली. माणसे मरू लागली तेव्हा लोकांनी खापर फोडले ते या नव्या देवावर आणि त्याच्या माणसावर. त्यांचा तर्क चुकीचाही नव्हता. रोग खरोखरच त्याच जहाजांतून येत होता ज्यांतून गुरुजी येत होते. ताउंगा मरता मरता वाचला. आपण काय पाहिले, माणसे काय खातात, कशी लढतात, मेलेल्यांचे काय करतात हे सारे त्याने रारोटोंगाच्या भाषेत लिहून काढले. पुढे तीसहून अधिक वर्षे तो सामोआच्या मनुआ बेटांवर होता. म्हातारपणी घरी परतला आणि १८९८ साली वारला. त्याचे लेखन पुस्तकरूपाने आले १९६८ साली, म्हणजे मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी. ते इंग्रजीत आणणाऱ्या दोघांपैकी मार्जोरी क्रोकोंब या मूळच्या रारोटोंगाच्याच. मारेतू हा दुसरा लिहिणारा. त्याने पापेइहा येण्याआधीचे बेट डोळ्यांनी पाहिले होते, आणि १८७१ साली, सत्तरीच्या घरात असताना, त्या जगाची हकिगत लिहिली. तीही छापून यायला १९८३ उजाडले.

ताकामोआची हवा बदलली ती १८६७ साली, चामर्स आल्यावर. त्याची येण्याची तऱ्हाच निराळी. सोसायटीचे जहाज निउए बेटावर फुटले, म्हणून हा धर्मोपदेशक बुली हेज नावाच्या कुप्रसिद्ध दर्यावर्दी बदमाशाच्या जहाजातून रारोटोंगाला पोचला. त्याच वर्षी पापेइहा वारला. चामर्सला या बेटावर करमेना. इथे सगळे ख्रिस्ती झालेलेच होते आणि नियमांचा काच वाढला होता. रात्री बाईच्या कमरेभोवती हात टाकून चालणाऱ्या पुरुषाने दुसऱ्या हातात दिवा धरला पाहिजे, असा एक कायदा बेटावर होता, असे प्रवासी सांगत. विद्यार्थ्यांना शिकवता शिकवता तो सतत न्यू गिनीचे बोलत राही. दहा वर्षे त्याने कॉलेज सांभाळले आणि १८७७ साली स्वतःच न्यू गिनीला निघाला. पण त्याच्या आधी पाच वर्षे त्याचे विद्यार्थी तिथे पोचले होते.

त्या पहिल्या तुकडीत मंगाइया बेटाचा रुआतोका आणि त्याची बायको तुंगाने होती. १८७२ च्या नोव्हेंबरात मिशनच्या माणसांनी या मंडळींना पापुआच्या किनाऱ्यावर मानुमानू येथे उतरवले आणि जहाज निघून गेले. जागा दलदलीची, हिवतापाची. काही महिन्यांतच आजारी माणसांना उचलून ऑस्ट्रेलियाच्या केप यॉर्कला न्यावे लागले. एखाद्याने तिथूनच घरचा रस्ता धरला असता. हे लोक १८७३ च्या नोव्हेंबरात परत पापुआला आले, या वेळी पोर्ट मोर्सबीच्या बाजूला. कायम राहायला आलेला पहिला इंग्रज मिशनरी, लॉज, १८७४ साली आला. इतिहासाच्या पुस्तकांत त्या किनाऱ्याची सुरुवात पुष्कळदा लॉजपासून होते.

रुआतोका तिथे तीस वर्षे होता. १८७८ साली सोन्याच्या हव्यासाने ऑस्ट्रेलियातून गोऱ्यांची झुंबड आली आणि तापाने पटापट पडू लागली. रानात एक जण मरायला टेकला आहे असे कळल्यावर रुआतोका रात्री मेणबत्ती घेऊन एकटा शोधायला गेला आणि त्याला पाठीवर घालून घरी घेऊन आला. या गोष्टीवर पुढे मुलांसाठी धडे लिहिले गेले. मला मात्र प्रश्न पडतो तो पुढचा. त्या माणसाला घरी आणल्यावर अंग पुसले कोणी, पेज कोणी भरवली? तुंगानेनेच ना? पण तुंगानेने काही लिहिलेले आपल्या हाती नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मुळे मराठी वाचकाला एक सवय लागली आहे. धर्माच्या कामाला निघालेल्या नवऱ्यामागे घरात काय चालते, चुलीवर काय असते, हे आपल्याला आतून कळते. ताकामोआच्या एकाही ओरोमेतुआच्या बायकोने तसे लिहिल्याचे मला आढळलेले नाही.

१८८१ च्या मार्चमध्ये हूड बेवरच्या कालो गावी चार रारोटोंगी शिक्षक, दोघांच्या बायका, चार मुले आणि बरोबरची दोन हुलाची पोरे अशी बारा माणसे मारली गेली. आनेदेरेआ कालोचाच शिक्षक. शेजारच्या हुलाचा तारिया त्याला धोक्यातून काढून आणायला गेला होता आणि त्याच्याबरोबर गेला. त्याच वर्षी ब्रिटिश युद्धनौकेने कालोवर शिक्षेची मोहीम काढली, गावचा मुखिया मारला गेला. चामर्सने आपल्या पुस्तकात या मृत्यूंचे दुःख मनापासून मांडले आहे, यात शंका नाही. पण वीस वर्षांनी, १९०१ साली, गोआरीबारी बेटावर तो स्वतः मारला गेला तेव्हा सगळ्या ब्रिटिश साम्राज्यात शोक झाला, चरित्रे लिहिली गेली. आनेदेरेआ, तारिया, मातेरुआ, मातातुही ही चार नावे शोधायला मला कितीतरी संध्याकाळी घालवाव्या लागल्या.

यावरून हे सगळे बेटवासी गुरुजी संत होते असा अर्थ कोणी काढू नये. अनेक जण पापुआच्या लोकांना खालचे समजत, कडक वागत, स्वतःच्या बेटाचे शिस्तीचे नियम जसेच्या तसे लादू पाहत. जे गोऱ्यांनी त्यांच्या बेटावर केले तेच त्यांनी दुसऱ्यांच्या गावात केले. तरी एक फरक राहतोच. गोऱ्या मिशनऱ्याला रजा होती, सिडनीचे इस्पितळ होते, लंडनला जाऊन पुस्तक छापण्याची सोय होती.

कॉलेजाची ओढ किती खोल होती याचा एक दाखला देतो. १८६१ साली मानिहिकी बेटावरचा एलेकाना नावाचा डीकन शेजारच्या बेटावरून परतताना वादळात सापडला. होडी आठ आठवडे वाहत गेली आणि सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या नुकुलाएलाए या तुवालूच्या बेटाला लागली. लोकांनी त्याला ठेवून घेतले, त्याच्याकडून जमेल तेवढे शिकून घेतले. आपले ज्ञान अपुरे आहे हे ओळखून एलेकाना मालुआच्या कॉलेजात शिकायला गेला. मागे राहिलेले लोक गुरुजींची वाट पाहत राहिले. १८६३ साली पेरूची मजूर पकडणारी जहाजे तिथे आली. तुम्हाला देवाविषयी शिकायला नेतो, असे त्यांनी सांगितले. बेटावरची बहुतेक माणसे त्यांच्या जहाजांत चढली, आणि परत आली नाहीत. १८६५ साली मरे नावाच्या मिशनऱ्याबरोबर एलेकाना तुवालूला परतला तेव्हा नुकुलाएलाएवर मूठभरच माणसे उरली होती. त्याला तिथे न ठेवता नुकुफेताऊ या दुसऱ्या बेटावर नेमण्यात आले.

ताकामोआचे कॉलेज आजही आवारुआत चालू आहे, आता ते कुक बेटांच्या स्वतःच्या चर्चचे आहे. विद्यार्थी अजूनही बायका-मुलांसह तिथे राहायला येतात.