अणुविद्युत केंद्रावर देखरेख कोणाची?

मुंबईच्या उत्तरेस सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर, पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तारापूरचे अणुविद्युत केंद्र उभे आहे. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी या केंद्राचे पहिले दोन संच व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाले आणि भारतात अणुशक्तीपासून वीज मिळू लागली. पुढे २००५ व २००६ या वर्षांत प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे आणखी दोन संच तेथे सुरू झाले. केंद्राच्या परिसरात घिवली, दांडी यांसारखी मच्छीमारांची गावे आहेत. जवळच बोईसरची औद्योगिक वसाहतही आहे. केंद्र सुरक्षित असल्याचे तेथील अधिकारी सांगतात. मात्र हे सांगणे पडताळून पाहणारे दुसरे कोणी आहे काय, आणि दोष आढळल्यास केंद्र थांबविण्याचा अधिकार कोणास आहे, हे प्रश्न परिसरातील नागरिकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्यांची उत्तरे लोकप्रतिनिधी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नियामक मंडळाची स्थापना

अणुविद्युत केंद्र चालविणारी संस्था आणि त्यावर देखरेख ठेवणारी संस्था वेगवेगळ्या असाव्यात, हे तत्त्व जगभर मान्य झाले आहे. भारतात १९७५ पासून अणुऊर्जा विभागाचीच एक सुरक्षा पुनर्विलोकन समिती हे काम पाहत असे. त्यानंतर १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमान्वये १५ नोव्हेंबर १९८३ रोजी अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना झाली. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. तारापूर केंद्र चालविण्याचे काम न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सार्वजनिक कंपनीकडे आहे; ते सुरक्षिततेच्या कसोटीस उतरते किंवा नाही, हे ठरविण्याचे काम नियामक मंडळाचे होय.

परवाना एकदाच मिळत नाही

केंद्रासाठी जागा निवडण्यापासूनच मंडळाचे काम सुरू होते. भूकंपाची शक्यता, समुद्राच्या लाटांची उंची, पुराचा धोका, आसपासची लोकवस्ती या बाबी तपासून जागेस संमती दिली जाते. त्यानंतर बांधकाम, चाचणी, प्रत्यक्ष उत्पादन आणि शेवटी आयुष्य संपलेल्या केंद्राचे विसर्जन, अशा प्रत्येक टप्प्यास स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते. उत्पादनाचा परवानाही ठरावीक मुदतीचाच असतो. मुदत संपली की केंद्राची कामगिरी पाहून त्याचे नूतनीकरण होते. याखेरीज दर दहा वर्षांनी संपूर्ण केंद्राचे सविस्तर पुनर्विलोकन करावे लागते. त्या काळात जगात सुरक्षिततेचे जे नवे निकष आले असतील, त्यांच्याशी जुन्या यंत्रणेची तुलना करून कोठे सुधारणा हवी ते ठरविले जाते.

नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. परीक्षा व मुलाखत उत्तीर्ण झाल्याविना कोणासही अणुभट्टीचे नियंत्रण हाती घेता येत नाही, आणि ही पात्रता ठरावीक काळाने पुन्हा सिद्ध करावी लागते.

निरीक्षक काय पाहतात?

मंडळाचे निरीक्षक केंद्रास नियमित भेटी देतात. इंधन बदलण्यासाठी वा दुरुस्तीसाठी संच बंद असतानाही तपासणी होते, कारण एरवी जेथे जाता येत नाही असे भाग त्या वेळी पाहता येतात. प्रत्येक केंद्रासाठी मंडळाने मंजूर केलेली एक नियमपुस्तिका असते. कोणते तापमान, कोणता दाब किती मर्यादेत असावा, कोणता पंप किती दिवसांनी चालवून पाहावा, एखादे उपकरण नादुरुस्त असल्यास किती वेळात संच बंद करावा, हे सर्व तीत नमूद असते. निरीक्षक नोंदवह्या तपासतात, चाचण्या प्रत्यक्ष पाहतात, कर्मचाऱ्यांना प्रश्न विचारतात. आढळलेल्या त्रुटींची गांभीर्यानुसार वर्गवारी करून अहवाल तयार होतो व केंद्रास ठरावीक मुदतीत लेखी उत्तर द्यावे लागते. पुढील भेटीत मागील त्रुटींचे काय झाले ते प्रथम पाहिले जाते.

कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेवरही मर्यादा आहे. पाच वर्षांत मिळून १०० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट यांहून अधिक मात्रा होता कामा नये. केंद्राच्या कामकाजामुळे सर्वसामान्य नागरिकास मिळणाऱ्या मात्रेची मर्यादा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट आहे. तिच्या पडताळणीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा केंद्राच्या परिसरातच काम करते. ती आसपासच्या गावांतून पाणी, दूध, भाजीपाला, मासळी, माती यांचे नमुने घेऊन तपासते.

नरोराचा धडा

लाकूड विझविले की चूल थंड होत जाते. अणुभट्टीचे तसे नाही. साखळी प्रक्रिया थांबविली, तरी इंधनातील किरणोत्सर्गी द्रव्यांमुळे उष्णता निर्माण होतच राहते. आरंभी ती पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के असते व हळूहळू कमी होते. ती काढून घेण्यासाठी पाणी फिरते ठेवावे लागते आणि पाणी फिरविण्यासाठी वीज लागते. म्हणून निरीक्षक डिझेल जनित्रे व विजेच्या तारा इतक्या बारकाईने पाहतात.

याचे महत्त्व ३१ मार्च १९९३ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा येथे दिसून आले. टर्बाइनची पाती तुटून आग भडकली. मुख्य व राखीव वीजपुरवठ्याच्या तारा एकमेकींजवळून गेल्या असल्याने दोन्ही जळाल्या आणि केंद्र सुमारे १७ तास विजेविना राहिले. कर्मचाऱ्यांनी अणुभट्टी तत्काळ बंद केली व अग्निशमनासाठी असलेल्या डिझेल पंपांनी पाणी पोहोचवून ती थंड राखली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. तथापि राखीव व्यवस्था केवळ असून भागत नाही, ती मुख्य व्यवस्थेपासून अलग असली पाहिजे, ही गोष्ट या घटनेने सर्वांच्या ध्यानी आणून दिली.

तारापूरच्या जुन्या संचांतही हा प्रश्न होता. त्यांचा आराखडा साठच्या दशकातला. त्यांच्या सविस्तर पुनर्विलोकनानंतर २००५-०६ मध्ये दोन्ही संच काही महिने बंद ठेवण्यात आले. अधिक क्षमतेची नवी डिझेल जनित्रे बसविण्यात आली आणि आणीबाणीचा वीजपुरवठा संचनिहाय अलग करण्यात आला. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा येथे त्सुनामीच्या पाण्यात जनित्रे बुडाली, तेव्हा भारतातील सर्व केंद्रांचा पुन्हा आढावा घेण्यात आला. सारी वीज गेली तरी बाहेरून अणुभट्टीत पाणी सोडता यावे, अशी जोडणी त्यानंतर करण्यात आली. पुढे २०२० मध्ये तारापूरचे हे दोन्ही जुने संच दीर्घ दुरुस्तीसाठी थांबविण्यात आले.

दोन तपासण्यांतील फरक

तारापूरच्या पहिल्या दोन संचांना आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षकही भेट देतात. तेथील इंधन लष्करी कामाकडे वळविले जात नाही ना, याची खात्री करून घेणे हा त्या भेटींचा उद्देश असतो. केंद्राची सुरक्षितता तपासण्याचे दायित्व मात्र आपल्या नियामक मंडळाचेच आहे.

मंडळाच्या स्वातंत्र्याचा प्रश्नही मोकळेपणाने चर्चिला गेला आहे. मंडळ कार्यकारी आदेशाने स्थापन झालेले असल्याने त्याच्या अधिकारांस कायद्याचे पुरेसे पाठबळ नाही, असा अभिप्राय भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१२ च्या अहवालात दिला होता. २०१५ मध्ये शासनाच्या निमंत्रणावरून आलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनीही हे स्वातंत्र्य कायद्याने निश्चित करण्याची शिफारस केली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या नव्या कायद्यात मंडळास वैधानिक दर्जा देण्याची तरतूद आहे. निरीक्षकाचा शब्द किती वजनदार ठरतो, हे या दर्जावर बरेचसे अवलंबून राहील.

कुंपणाबाहेरची जबाबदारी

केंद्राच्या आत घडणाऱ्या आणीबाणीस तोंड देण्याची जबाबदारी केंद्र व्यवस्थापनाची आहे. तिचा परिणाम कुंपणाबाहेर पोहोचण्याचा संभव असल्यास लोकांच्या संरक्षणाची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. त्यासाठी केंद्राभोवती सुमारे १६ किलोमीटर त्रिज्येचे क्षेत्र विचारात घेऊन आराखडा तयार केला जातो आणि साधारणतः दर दोन वर्षांनी त्याची रंगीत तालीम होते. मंडळाचे निरीक्षक ही तालीमही पाहतात व तिच्यातील उणिवा नोंदवितात.

या तालमीत यंत्राइतकीच माणसांची परीक्षा असते. भोंगा सर्व पाड्यांत ऐकू गेला काय, घरात थांबावे की बाहेर पडावे याची सूचना वेळेत मिळाली काय, वृद्ध व आजारी माणसांची यादी ग्रामपंचायतीकडे तयार होती काय, समुद्रात गेलेल्या होड्यांना निरोप कसा पोहोचला, आयोडीनच्या गोळ्या सूचना मिळाल्यावरच घ्यावयाच्या असतात हे लोकांना ठाऊक होते काय, या गोष्टी कागदावर पाहून कळत नाहीत. तालीम म्हणजे एक दिवसाचा सोपस्कार असे मानून गाव स्वस्थ बसले, तर उणीव उघडकीस येत नाही आणि दुरुस्तही होत नाही.

म्हणून परिसरातील सरपंच व शिक्षकांनी पुढील तालमीच्या वेळी गावात काय आढळले ते लिहून तहसीलदारांकडे द्यावे आणि त्यावर कोणती कार्यवाही झाली, हे ग्रामसभेत विचारावे. केंद्रातील निरीक्षकही याच पद्धतीने काम करतो. तो पाहतो, लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहतो. कुंपणाबाहेर हे काम गावातील जाणत्या माणसांनाच करावे लागेल.