घरच्या खाणीतला वाटा

तुमसर रोड स्थानकाहून उत्तरेस तिरोडीकडे जो लोहमार्ग जातो, त्याने गोबरवाहीच्या आसपास पोचले म्हणजे रानाच्या हिरवाईत मधूनच काळसर मातीचे ढीग डोकावू लागतात. हे ढीग चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथील मँगनीजच्या खाणींचे होत. आणि धानाचा व तलावांचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या भंडारा जिल्ह्याचा दूरदूरच्या पोलादाच्या भट्ट्यांशी जो संबंध जडला, तो या काळ्या दगडाच्याच योगाने. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड तर विजेरीच्या सेलपर्यंत पोचते, म्हणजे ज्या खेड्यांत वीज फार उशिरा आली, त्या खेड्यांतल्या रात्रीच्या वाटांवर याच मातीचा अंश उजेड देत होता.

या खाणींच्या नफ्याचा वाटा कोणाकोणाकडे गेला, याचा मागोवा घ्यायचा तर आरंभ १८९६ पासून करावा लागतो. त्या वर्षी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या नावाने विलायती भांडवलाची एक मंडळी या प्रांतात उतरली, आणि पुढे तिचेच रूपांतर सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओर कंपनीत झाले. जमीन इथली, खोदणारे हात इथले, घाम इथला. परंतु वर्षाअखेर जमाखर्च मिटवून जी शिल्लक उरे, तिचे वाटेकरी समुद्रापलीकडे होते, आणि खाणीच्या तोंडाशी झोपडी बांधून राहिलेल्या माणसाला मजुरीखेरीज त्या शिल्लकीशी काही कर्तव्य असू शकते, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनाला शिवली नव्हती. १९६२ मध्ये मँगनीज ओर (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली, तेव्हा ५१ टक्के हिस्सा भारत सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांकडे आला, ४९ टक्के जुन्या कंपनीकडे राहिला. आणि १९७७ मध्ये तोही सरकारने घेतला, तेव्हा कुठे ही दौलत पूर्णतः स्वदेशी झाली. सामान्य माणूस मात्र अद्यापि तिच्या दाराबाहेरच होता.

ते दार २०१० च्या अखेरीस उघडले. केंद्र सरकारने आपला १० टक्के आणि दोन्ही राज्यांनी प्रत्येकी ५ टक्के हिस्सा जनतेस विक्रीला काढला. १० रुपये दर्शनी किमतीच्या एका भागाचा भाव ३७५ रुपये ठरला, आणि लहान गुंतवणूकदारांस व कामगारांस त्यात ५ टक्के सूट मिळाली. ज्या तालुक्याने शंभराहून अधिक वर्षे या कंपनीला आणि तिच्या आधीच्या कंपनीला खनिज पुरवले, त्या तालुक्यातला शिक्षक किंवा खाणीतला फिटर आता तिचा भागधारक होऊ शकत होता. आणि या घटनेचे महत्त्व बाजारातील त्या दिवसांच्या उलाढालीहून फार मोठे आहे, असे मला मनापासून वाटते.

भागाची बाजारात नोंदणी झाली त्या दिवशी भाव उसळला, हे पुष्कळांच्या स्मरणात आहे. परंतु पुढील दोन-तीन वर्षांतच तो विक्रीच्या किमतीच्याही खाली उतरला, हे फार थोडे बोलून दाखवतात. भाव चढेल या एकाच आशेने ज्यांनी पैसे घातले होते, त्यांना हा काळ वनवासासारखा गेला. ज्यांनी लाभांशावर दृष्टी ठेवली होती, त्यांच्या खात्यात मात्र दरसाल काही ना काही रक्कम जमा होत राहिली, कारण नोंदणीनंतर या कंपनीने लाभांशाविना एकही वर्ष जाऊ दिलेले नाही. आपला भाग किती किमतीला जाईल हे दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. लाभांश मिळण्यासाठी मात्र काहीच विकावे लागत नाही, आणि पडत्या बाजारात धीर धरून बसण्यास एवढे एक कारणही माणसाला पुरते. २०१५ च्या अखेरीस मँगनीजचे भाव जगभर कोसळले आणि नफा आटला, तेव्हा लाभांशही घटला. पण थांबला नाही.

आमच्याकडील माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण कोहळी समाजाने बांधलेले तलाव त्याने पाहिलेले आहेत. तलावाच्या पाळीला हात न लावता, साठा राखून, शेतापुरते पाणी सोडायचे आणि प्रत्येक बांधीला तिच्या हिश्श्याप्रमाणे ते पोचवायचे, हा मालगुजारीच्या काळापासूनचा शिरस्ता. मुद्दल शाबूत ठेवून उत्पन्नावर निर्वाह करण्याची रीत तो पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला आहे. भागावरील लाभांशात आणखी एक गोष्ट आहे, जी मला विशेष मोलाची वाटते: प्रत्येक भागामागे मिळणारी रक्कम सरकारला आणि तुमसरच्या शिक्षकाला एकाच दराने मिळते. मे २०१६ मध्ये केंद्राने आपल्या कंपन्यांस असा दंडक घातला, की निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ५ टक्के, यांपैकी जे अधिक ते, लाभांश म्हणून वाटावे (२०२४ मध्ये हे ५ चे ४ झाले). दंडक सरकारी खजिन्याच्या गरजेपोटी आला खरा, परंतु दहा भागांच्या धन्यालाही त्याचा आडोसा मिळाला. शिवाय ताळेबंदात नफा कितीही दाखवता येतो. वाटायची वेळ आली म्हणजे रोकड तिजोरीत असावी लागते, आणि दरसाल वाटप करणाऱ्या चालकांना पैसा उधळण्यास हात आखडावा लागतो.

एका गोष्टीने मात्र नवखा माणूस हटकून फसतो. ‘५० टक्के लाभांश’ अशी वार्ता वाचून त्याला अर्धे पैसे परत आल्याचा भास होतो; वस्तुतः ही टक्केवारी दर्शनी किमतीवर असते. १० रुपयांच्या भागावर ५० टक्के म्हणजे ५ रुपये, आणि तो भाग ३७५ रुपयांना घेतला असेल तर हे उत्पन्न शेकडा दीडाच्याही आत भरते. बँकेच्या मुदत ठेवीपेक्षा ते कमीच. पण ठेवीचे मुद्दल आहे तेवढेच राहते, आणि भाग मात्र वाढू शकतो. २०१७ मध्ये कंपनीने एकास एक बक्षीस भाग दिले, तेव्हा शंभर भागांचे दोनशे झाले, मूळची किंमत दर भागामागे १८७ रुपये ५० पैशांवर आली, आणि पुढचा लाभांश दोनशे भागांवर मिळू लागला. लगोलग बाजारभावही त्याच प्रमाणात उतरतो, हे विसरता कामा नये. लाभांश जाहीर होऊन ठरलेली तारीख उलटली म्हणजे भावातून तेवढी रक्कम वजा होते, तसेच हे. २०२० पासून लाभांशावरील कर भागधारकाच्या माथी आला आहे, तोही हिशेबात धरला पाहिजे.

पूर्वी लाभांशाचे वॉरंट टपालाने येई, आणि पत्ता बदलला की हरवे. आजही जुन्या पेट्यांत कागदी दाखले पडून आहेत. सात वर्षे लाभांश उचललाच नाही तर ती रक्कम, आणि मागोमाग भागसुद्धा, केंद्राच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीत जातात. ते वारसांना सोडवून आणता येतात, पण हेलपाटे पुष्कळ घालावे लागतात. बँकेचे खाते आणि वारसाचे नाव वेळीच नोंदवणे एवढ्याने हे सारे टळते.

तलावाचा दृष्टान्त मी दिला खरा, पण तो एका जागी तोकडा पडतो. तलाव दरवर्षी पावसाने भरतो; खाण भरत नाही. चिखल्याला जमिनीखाली उतरणारा कामगार दरसाल थोडा अधिक खोल उतरतो, आणि वर येणाऱ्या प्रत्येक टनाबरोबर खाणीच्या मुद्दलाचाही एक कण बाहेर पडतो. म्हणून खाणीचा लाभांश संपूर्ण खर्चून टाकणाऱ्याला मी नेहमी सुचवतो, की त्यातला काही भाग दरवर्षी बाजूला काढावा आणि ज्या धंद्याचा साठा जमिनीतून उपसावा लागत नाही, अशा एखाद्या नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीचे दोन-चार भाग त्यातून घ्यावेत.