‘तेवढे बिलात पाहू’

बिल्डरच्या इमारतीत वायरिंगचे उपकंत्राट घेणाऱ्याचे नुकसान मूळ दरात क्वचितच होते. लाइट पॉइंट, पॉवर पॉइंट, एसी पॉइंट यांचे दर ठरलेले असतात. नफा थोडा, पण हिशेब स्पष्ट. नुकसान सुरू होते ते प्लास्टर झाल्यावर. फ्लॅट घेणारा पलंगाची जागा बदलतो आणि साइटवरचा इंजिनियर सहज म्हणतो, “शेठ, तेवढा एसीचा पॉइंट हलवून द्या, बिलात पाहू.” विद्युत साहित्याच्या दुकानाच्या जोडीला ज्या घरांतील मुले अशी कामे घेऊ लागली आहेत, त्यांना हे वाक्य नवे नाही.

समजा, करारात एसी पॉइंटचा दर १,२०० रुपये आहे. तो भिंत उघडी असतानाचा. प्लास्टरनंतर तोच पॉइंट हलवायचा तर वायर व पाइप ८०० रुपये, वायरमन व मदतनीस यांचा अर्धा दिवस १,०००, भिंतीत खाच पाडून गवंड्याकडून बुजवून घेणे ६००; म्हणजे खर्चच २,४०० रुपये झाला. देखरेख, ये-जा व नफा अजून धरलेला नाही. जुन्याच दराने बिल लावले तर तीस फ्लॅटांत पदरचे ३६,००० रुपये जातात.

म्हणून बदलांचे दरपत्रक मूळ करारालाच जोडलेले असावे : प्लास्टरपूर्वी एक दर, नंतर दुसरा, रंगकामानंतर तिसरा. साइटवर चिठ्ठीचे पुस्तक ठेवावे. फ्लॅट क्रमांक, बदल, रक्कम आणि इंजिनियरची सही झाल्यावरच छिन्नी हाती घ्यावी. सही मागितल्याने संबंध बिघडतील ही भीती बहुधा खोटी ठरते. उलट रक्कम आधी कळली की काही बदल ग्राहकच मागे घेतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७० प्रमाणे फुकट न केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्याने मोबदला देणे लागते, हे खरे. पण त्यासाठी न्यायालयात जाणाऱ्याची वर्षे जातात, चिठ्ठीला एक मिनिट लागते.

दुसरी गळती मुदतीची. पाच लाखांचे बिल नव्वद दिवस अडकले आणि कॅश क्रेडिट बारा टक्क्यांचे असेल, तर सुमारे १४,८०० रुपये व्याज निमूटपणे खात्यातून जाते. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ च्या कायद्यात कमाल ४५ दिवसांची मर्यादा आहे. परंतु कंत्राटी कामांना तो लागू होतो का, यावर न्यायालयांत वाद झालेले आहेत. तेव्हा मुदत व व्याज करारातच लिहून घ्यावे. तांब्याचे भाव चढउतार करतात, त्यामुळे दरपत्रकावर वैधतेची तारीखही हवी.

राखून ठेवलेल्या रकमेची अट मात्र सर्वांत काळजीने वाचावी. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षे दोषांची जबाबदारी बिल्डरवर असते आणि तो ती खाली सरकवू पाहतो. दोष दुरुस्त करण्याची हमी द्यावी. पण राखीव रक्कम ‘प्रकल्प पूर्ण झाल्यावर’ नव्हे, तर वायरिंगची चाचणी होऊन सही झाल्यापासून अमुक महिन्यांनी, असे तारखेत बांधून घ्यावे. प्रकल्प कधी पूर्ण होईल हे वायरमनच्या हाती नसते.