पीएचपीमध्ये एक्सएमएल वाचूया : कॉलबॅक फंक्शन म्हणजे काय?



विद्यार्थ्यांची यादी बऱ्याचदा एक्सएमएल फाइलमध्ये मिळते. ती अशी दिसते :

<विद्यार्थी>
<नाव>ज्ञानेश्वर</नाव>
<इयत्ता>४</इयत्ता>
</विद्यार्थी>

ही यादी शाळेच्या वेबपेजवर आणायची तर पीएचपीला ती वाचता आली पाहिजे. त्यासाठीची एक पद्धत म्हणजे कॉलबॅक.

कॉलबॅक म्हणजे काय?
आपण शिपाईमामांना सांगून ठेवतो, "पालक आले की मला कळवा." मग निश्चिंत शिकवत राहतो. पालक आले की मामाच येऊन सांगतात. इथे पार्सर म्हणजे शिपाईमामा. फंक्शन आपण लिहायचं, ते कधी चालवायचं हे पार्सर ठरवतो.

तीन फंक्शन, तीन कामं
१) सुरुवातीचा टॅग आला : रिकामा डबा घ्या.
२) मजकूर आला : डब्यात टाका.
३) शेवटचा टॅग आला : डब्यातलं यादीत लिहा.

पहिलं आणि तिसरं फंक्शन 'एक्सएमएल_सेट_एलिमेंट_हँडलर'ने, तर दुसरं 'एक्सएमएल_सेट_कॅरेक्टर_डेटा_हँडलर'ने पार्सरला कळवायचं. मग 'एक्सएमएल_पार्स'ला फाइल थोडी थोडी, समजा ४०९६ बाइट्सच्या तुकड्यांत द्यायची. पूर्ण फाइल एकदम मेमरीत घ्यावी लागत नाही, म्हणून मोठ्या यादीला ही पद्धत बरी पडते. शेवटचा तुकडा देताना "हा शेवटचा" असं सांगायला विसरू नका. फाइल लहान असेल तर पीएचपी ५ पासून मिळणारं सिंपलएक्सएमएल सोपं पडतं.

नाव अर्धं का येतं?
हा मुद्दा नीट लक्षात घ्या. एकाच टॅगमधला मजकूर एकदमच मिळेल याची खात्री नसते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स घेतं. 'ज्ञानेश्वर' या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट्स. समजा आधी 'ज्ञाने' आलं आणि मग 'श्वर'. दुसऱ्या फंक्शनमध्ये नुसतं बरोबरचं चिन्ह (=) वापरलं, तर नवा तुकडा जुन्याला पुसतो आणि यादीत उरतो 'श्वर'! स्क्रीनवर एररही दिसत नाही. म्हणून तिथे टिंब-बरोबर (.=) वापरायचं, म्हणजे तुकडे जोडले जातात.

आणखी तीन गोष्टी
• इंग्रजी टॅगची नावं पार्सर आपोआप कॅपिटल करतो. 'केस फोल्डिंग' बंद करा, नाहीतर तुलना जुळत नाही.
• दोन टॅगांमधली मोकळी जागा आणि नवी ओळही 'मजकूर' म्हणूनच येते. 'ट्रिम' वापरा.
• एखादा टॅग बंद करायचा राहिला तर पार्सर तिथेच थांबतो आणि विचारलं तर ओळ क्रमांकही सांगतो. पण तोवर आधीच्या मुलांची नावं लिहून झालेली असतात! त्यामुळे वाचन निर्विघ्न पार पडल्यावरच यादी कायम करा.

यादीतली प्रत्येक ओळ म्हणजे एक मूल असतं. अर्ध्या नावाने दाखला किंवा प्रमाणपत्र छापलं गेलं, तर दुरुस्तीसाठी हेलपाटे पालकांनाच पडतात. म्हणून शेवटी एक काम जरूर करा : यादीतली संख्या पटाशी जुळवा आणि जोडाक्षरांची चार लांब नावं डोळ्यांनी वाचून बघा.