ओरखडे कोणी काढले?

नवी मोटार घेतलेला माणूस पहिले वर्षभर मोटारीकडे पाहतो आणि मग रस्त्याकडे पाहू लागतो, असे आमचे एक स्नेही म्हणतात. मी मात्र पाच वर्षे मोटारीकडेच पाहत होतो. २०१९ साली सेवानिवृत्त झालो, फंडाचे पैसे हाती आले आणि आमच्या सौभाग्यवतीच्या भाषेत सांगायचे तर 'म्हातारपणी डोहाळे लागले.' गाडी घेतली तीही गडद निळी. दुकानातला विक्रेता परोपरीने सांगत होता, "साहेब, पांढरी घ्या. पांढऱ्यावर काही दिसत नाही." माझे म्हणणे, चार लोकांना दिसावे म्हणून तर गाडी घ्यायची! त्या सद्गृहस्थाच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला २०२४ ची दिवाळी उजाडावी लागली.

कंदिलाची चहाडी

कोथरुडातल्या आमच्या इमारतीत वसुबारसेच्या संध्याकाळी खाली गाड्या लावतात तिथे मुलांनी आकाशकंदील टांगला. नेमका माझ्या गाडीच्या बॉनेटवर. दिवा लागला, मुलांनी टाळ्या पिटल्या आणि माझा चेहरा उतरला. बॉनेटमध्ये दिव्याचे प्रतिबिंब पडले होते आणि त्याभोवती बारीक बारीक ओरखड्यांचे हे एवढे कोळ्याचे जाळे! जणू पाच वर्षे कोणी भांडी घासायच्या काथ्याने गाडी घासत होते. दिवसा उजेडी यातले काहीच दिसत नसे.

आमच्या इमारतीतल्या गाड्या तात्या धुतात. साठीच्या घरातला माणूस. पहाटे साडेपाचला येऊन अकरा गाड्या धुऊन जातो. मी मनातल्या मनात वकिली केली. मी रोज सकाळी गाडी पुसतो, पण सरळ हाताने पुसतो. तात्या पुसतात गोल गोल. जाळे गोल आहे. अर्थात गुन्हेगार तात्या! दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीच्या सकाळी, चार शेजाऱ्यांच्या देखत मी त्यांना नाही नाही ते बोललो. तात्या एवढेच म्हणाले, "साहेब, मी भरपूर पाणी मारून धुतो. फडकं झटकून घेत जा, असं तुम्हालाच मागं एकदा सांगितलं होतं." हा तर मला उद्धटपणा वाटला. "उद्यापासून माझ्या गाडीला हात लावू नका," असे सांगून मी वर आलो. त्यांच्या दिवाळीच्या पोस्ताचे पाकीट कपाटात तसेच राहिले.

पुढे शेजारधर्म सुरू झाला. कोणी म्हणाले, टूथपेस्ट चोळा. कोणी म्हणाले, खोबरेल तेल लावा. एका काकूंनी तर चिमूटभर रांगोळी ओल्या फडक्यावर घेऊन घासायला सांगितले. त्यांचे पितळी समई-निरांजन त्यानेच लखलखते म्हणे! रांगोळीला मी भ्यालो, पण खोबरेल लावून पाहिले. काय चमत्कार! ओरखडे गडप! सौ.ला हाक मारून दाखवले. "आता शेंडी विंचरा तिची," एवढा अभिप्राय देऊन ती चकल्यांकडे वळली. दोन दिवसांत त्या तेलावर धुळीचे पीठ बसले, मी गाडी धुतली आणि सगळे ओरखडे होते तिथे हजर झाले.

टपाची साक्ष

भाऊबीजेला बहिणीकडे चिंचवडला गेलो. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात मोटारींना रंग देतात त्या विभागात आहे. जेवण झाल्यावर त्याने गाडीवर विजेरी धरली. बॉनेट पाहिले, दारे पाहिली. मग पायरीवर चढून टप पाहिला आणि विचारले, "मामा, टप कोण पुसतं?"

"तात्याच. माझा हात कुठे पोचतो?"

"मग तुमचे तात्या निर्दोष आहेत. या, बघा."

मी टाचा उंचावून पाहिले. टपावर विजेरीचे प्रतिबिंब आरशातल्यासारखे स्वच्छ होते. क्वचित एखादी रेघ. जिथे फक्त तात्यांचा हात लागत होता तिथे जाळे नव्हते. जिथे रोज सकाळी माझे कोरडे फडके फिरत होते तिथे होते.

"पण जाळे गोल आहे रे!" मी शेवटचा मुद्दा काढला.

"गोल दिसतं, असत नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. दिव्याच्या भोवती आडवे येतात तेवढेच उजेडात चमकतात, म्हणून वर्तुळं दिसतात. दिवा हलवा, वर्तुळं दिव्याबरोबर हलतील."

त्याने विजेरी हलवली. जाळे तिच्यामागोमाग सरकले. माझी वकिली संपली.

मग त्याने सांगितले ते वाचकांनीही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे, म्हणजे गारेचे, सूक्ष्म कण असतात. खनिजांच्या कठीणपणाची मोस नावाच्या शास्त्रज्ञाची १ ते १० अशी जी श्रेणी आहे, तिच्यात गारेचा क्रमांक ७ लागतो. साध्या पोलादी चाकूचाही साडेपाचच्या आसपास. मोटारीचा रंग तर याहून कितीतरी मऊ. तेव्हा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे गाडी गोंजारणे नव्हे, काचकागदाने घासणे होय. पाच वर्षे मी रोज सकाळी प्रेमाने काचकागद मारत होतो!

नख आणि पाणी

मोटारीच्या रंगाचा इतिहासही मजेदार आहे. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात निघत असे. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपॉन्ट आणि जनरल मोटर्स यांनी 'ड्यूको' नावाचा लवकर वाळणारा रंग आणला आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडे लोखंडी कपाटाला 'ड्यूको मारून' घेतात, तो शब्द तिथला. आजच्या गाडीवर मात्र रंगाची अनेक पुटे असतात: पत्र्याला गंजापासून वाचवणारे अस्तर, त्यावर दुसरे अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लाखेसारखा थर. ही सगळी पुटे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पारदर्शक थर त्यातला जेमतेम ४०-५० मायक्रॉनांचा. आपल्या डोक्यावरचा केससुद्धा बहुधा याहून जाड भरेल! बारीक ओरखडे असतात ते या वरच्या थरात.

ओरखडा घरी निघेल की नाही, हे ओळखण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली नखाची. ओरखड्यावर आडवे नख हलकेच फिरवा. नख अडकले, तर ओरखडा खोल आहे. तिथे आपण शहाणपणा न करता रंगाऱ्याकडे जावे. दुसरी पाण्याची. ओरखडा ओला करा. पाण्याने दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरातच आहे. ओरखडा दिसतो तो त्याच्या काठांवर उजेड विखुरतो म्हणून; पाणी किंवा तेल ती चर भरून काढते आणि उजेड सरळ आत जातो. माझ्या खोबरेलाचा चमत्कार तो एवढाच. चर बुजली नव्हती, झाकली होती.

मग ती बुजवायची कशी? इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. पॉलिशने ओरखडा भरत नाही. त्याच्या आजूबाजूचा पृष्ठभाग किंचित झिजवून ओरखड्याच्या तळापर्यंत आणायचा, की ओरखडा उरत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी थोडा थर कायमचा जातो, आणि उन्हापासून खालचा रंग राखतो तो हाच थर. म्हणून "दर दिवाळीला पॉलिश" हा नेम करू नये. टूथपेस्टमध्येही झिजवणारी पूड असते, त्यामुळे ती थोडेफार काम करते. पण ती दातांच्या हिशेबाने केलेली असते. रांगोळीचे नाव काढताच भाच्याने हात जोडले.

रविवारचा उद्योग

भाच्याने सांगितलेली कृती मी पुढच्या दोन रविवारी केली. ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी क्रमाने देतो.

गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या: एकीत गाडीच्या शांपूचे पाणी, दुसरीत साधे. मऊ फडके शांपूत बुडवून वरून खाली धुवावे आणि पुन्हा शांपूत बुडवण्यापूर्वी साध्या पाण्यात खळबळून घ्यावे, म्हणजे वाळू दुसऱ्या बादलीत राहते. टपापासून सुरुवात करावी. दारांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी. फडके जमिनीवर पडले तर त्या दिवसापुरते ते बाद. गाडी मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपून कोरडी करावी.

नंतर हात प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीत घालून पत्र्यावरून फिरवावा. धुतल्यावरही खरखर लागली, तर कण रंगाला चिकटून बसले आहेत असे समजावे. त्यासाठी मळलेल्या कणकेसारखी एक खास माती मिळते. पत्रा साबणपाण्याने निसरडा करून ती हलकेच फिरवली की कण निघून येतात.

आता पॉलिश. बाजारात जाडे कंपाउंड आणि बारीक पॉलिश असे दोन्ही मिळते. आपण बारीकच घ्यावे. आधी सहज दिसणार नाही अशा कोपऱ्यात करून पाहावे. काठांवर आणि कंगोऱ्यांवर रंग पातळ असतो, तिथे कागदी चिकटपट्टी लावावी. स्पंजाच्या चकतीवर पॉलिशचे चार थेंब घेऊन एका वेळी हात-सव्वा हात चौरस भागच घ्यावा. आधी आडवा, मग उभा हात. दाब मध्यम, घाई नाही. मग स्वच्छ फडक्याने पुसून विजेरीने पाहावे. सुधारले असेल पण पुरते गेले नसेल, तर आणखी एकदा. तरीही उरलेली एखादी रेघ तशीच राहू द्यावी. ती काढण्याच्या नादात थर घालवू नये. चकतीला गाडीचा रंग लागू लागला तर ताबडतोब थांबावे, कारण वरचा पारदर्शक थर संपला असा त्याचा अर्थ. ज्यांनी जुनी फियाट किंवा अँबॅसडर जपली आहे, त्यांच्या मूळ रंगावर असा वेगळा थर नसतो, तेव्हा फडक्याला थोडा रंग लागायचाच. पण तिथेही हात आवरता घ्यावा. शेवटी मेणाचा पातळ हात द्यावा. मेण ओरखडे काढत नाही, पण पाणी आणि धूळ फार चिकटू देत नाही.

दसऱ्याला बॉनेटवर झेंडूची माळ बांधाल तर सुतळीने बांधा, तारेने नको. आणि सकाळी धूळ दिसली, तर हात मागे बांधून तिच्याकडे नुसते पाहत राहा!

जे निघाले नाहीत

पण हा उद्योग करण्यापूर्वी मला आणखी एक काम होते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाकीट घेऊन मी खाली गेलो. ज्यांच्या देखत बोललो होतो त्यांतले दोघे तिथे होते. ते बरेच झाले. मी म्हणालो, "तात्या, ओरखडे माझ्या हातचे आहेत. टप पाहून कळलं. माझं चुकलं."

तात्यांनी हात पुसले, पाकीट घेतले, कपाळाला लावले आणि म्हणाले, "टपावर स्टूल घेऊन चढतो मी, साहेब. गुडघे बोलतात, पण चढतो." एवढेच.

पुढच्या रविवारी ते आपण होऊन मदतीला आले. बॉनेटचा अर्धा भाग मी केला, अर्धा त्यांनी, आणि त्यांचा अर्धा अधिक उजळला, हे मी इथे छापून देतो. संध्याकाळी दिवा लावून पाहिले. जाळे गेले होते. दोन-तीन खोल रेघा राहिल्या, त्या राहू दिल्या.

तात्या आता पुन्हा रोज माझी गाडी धुतात. फक्त एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. मी खाली दिसलो, की गाडीला हात लावण्यापूर्वी ते फडके झटकतात, उलगडतात आणि दोन्ही बाजू मला दाखवतात. "नको हो तात्या," असे मी वर्षभर म्हणतो आहे. ते हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतात.

गाडीवरचे ओरखडे दोन रविवारांत निघाले. हा एक मात्र नखाला लागतो.